वादग्रस्त गीते वगळून

केंद्र सरकारच्या कचेरीत काही वर्षे कारकुनी केली की माणसाला एक विद्या आपोआप अवगत होते. कर्ता नसलेले वाक्य लिहिण्याची ती विद्या. ‘असे ठरले’, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’, ‘प्रकरण तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे’. कोणी ठरविले, कोणी करावी, कोणी ठेविले, याचा थांगपत्ता त्या वाक्यांत लागत नाही, आणि लागू नये हाच त्यांचा हेतू असतो. ही विद्या कचेरीपुरती राहिली असती तर तक्रार नव्हती; पोटासाठी माणूस पुष्कळ काही शिकतो. पण गेल्या वर्षी मी ती कचेरीबाहेर नेली. जबलपुरातील आमच्या मराठी मंडळाच्या कार्यवृत्ताच्या वहीत माझ्या हस्ताक्षरात एक वाक्य उमटले : ‘वादग्रस्त गीते वगळून कार्यक्रम निश्चित करण्यात आला.’ प्रस्तुत लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. अर्थात तो ते लिहिणाऱ्याविरुद्धही आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

प्रसंग साधा होता. महाराष्ट्र दिनानिमित्त गाण्यांची बैठक योजिली होती. गाणारी मंडळी घरचीच : कोणी आयुधनिर्माणीत, कोणी रेल्वेत, कोणी लेखाकार्यालयात. बारा गाण्यांची यादी सभेपुढे वाचण्यात आली. तीत चौथी होती सावरकरांची ‘सागरास’ ही कविता, मंगेशकर भावंडांनी घरोघरी पोहोचविलेल्या चालीवर. आणि नववी अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड. चौथे नाव उच्चारताच एका सभासदांनी हरकत घेतली. १९२३ साली ‘हिंदुत्व’ लिहून ज्यांनी राष्ट्राची व्याख्या धर्माशी आणि रक्ताशी जखडली, त्यांचे गाणे मी टाळ्या वाजवून ऐकणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. गांधीहत्येच्या खटल्यात १९४९ साली न्यायालयाने सावरकरांना निर्दोष ठरविले हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे म्हणणे खटल्याविषयी नव्हते, विचाराविषयी होते. त्यावर दुसरे एक गृहस्थ सावरकरांच्या बाजूने तावातावाने उठले. अंदमानच्या कोठडीत कोणी किती वर्षे काढली याचा हिशेब त्यांनी मांडला. पण नवव्या गाण्यापाशी आल्यावर त्याच गृहस्थांचा सूर पालटला. बेचाळीसच्या चळवळीला विरोध करणाऱ्या पक्षाचा शाहीर, स्टालिनग्राडचा पोवाडा रचणारा कवी, त्याचे गाणे महाराष्ट्र दिनी कशासाठी?

आमचे चिटणीस शांतताप्रिय आहेत. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “दोन्ही काढून टाकू. वाद नको.” आश्चर्य पुढेच आहे. दोघेही गृहस्थ तत्काळ राजी झाले. आपले गाणे गेले या दुःखापेक्षा समोरच्याचे गेले याचे समाधान त्यांना मोठे वाटले. रिकाम्या झालेल्या जागी पावसावरचे एक आणि चंद्रावरचे एक अशी दोन भावगीते बसविण्यात आली, कारण पावसाचा आणि चंद्राचा अद्याप कोणत्याही पक्षाने ताबा घेतलेला नाही. मी वहीत वाक्य लिहिले. चहा आला.

या दोन गृहस्थांना मूर्ख ठरवून लेख आटोपणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. त्यांनी निदान गाण्यातील शब्द गंभीरपणे घेतले होते. त्या सभेत माझ्या मते सर्वांत चुकीचे बोलले ते तिसरेच एक रसिक, ज्यांनी मध्यस्थी करताना म्हटले, “अहो, कलेला कसला आला आहे पक्ष? सूर तो सूर!” हे वाक्य ऐकावयास गोड आहे. आपल्यापैकी बहुतेकजण प्रतिपक्षाचे गाणे ऐकताना हीच पळवाट घेतात, आणि म्हणून पहिला समाचार तिचाच घेतला पाहिजे.

मराठी गाण्याला राजकारण वर्ज्य होते असे म्हणणाऱ्याने मराठी रंगभूमीचा इतिहास वाचलेला नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे सहकारी आणि ‘केसरी’चे संपादक. १९०७ साली त्यांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना कळत होते, आणि सरकारलाही कळल्यामुळे १९१० साली त्या नाटकावर बंदी आली. पुढच्याच वर्षी त्याच लेखणीतून ‘संगीत मानापमान’ उतरले. १९२१ च्या जुलैमध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नटांनी मिळून त्याचा ‘संयुक्त’ प्रयोग केला तो कशासाठी? टिळक स्वराज्य फंडासाठी. तिकीट काढणारा प्रत्येक रसिक त्या दिवशी राजकारणाला वर्गणी देत होता, आणि हे त्याला ठाऊक होते.

त्याहून बोलके उदाहरण सावरकरांचेच. १९२४ साली त्यांना सोडताना सरकारने दोन अटी घातल्या : रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही आणि राजकारणात भाग घ्यावयाचा नाही. या अटी १९३७ पर्यंत चालल्या. त्या अवधीत, १९३१ साली, मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने त्यांचे ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक रंगभूमीवर आणले. बुद्धाच्या उपदेशाने खड्ग टाकणारा शाक्य सेनापती आणि स्वदेशावर चालून आलेला शत्रू अशी त्याची मांडणी. निरपवाद अहिंसेला रंगमंचावरून दिलेले ते उत्तर होते, आणि ज्या काळी गांधीजींच्या शब्दावर देश चालत होता त्या काळी ते उत्तर कोणाला उद्देशून आहे हे सांगण्याची गरज नव्हती. ज्याला सभेत बोलण्याची बंदी होती तो नाटकातून बोलला. या नाटकातले ‘शतजन्म शोधिताना’ हे पद, वझेबुवांची त्याची चाल आणि दीनानाथांचा गळा यांमुळे, मूळ नाटक ज्यांनी कधी वाचले नाही त्यांच्याही ओठांवर आहे. तेव्हा ‘सूर तो सूर’ म्हणून डोळे मिटणे म्हणजे लेखकाने जे सांगण्यासाठी सारा खटाटोप केला तेच ऐकावयाचे नाकारणे होय. प्रतिपक्षाचा याहून मोठा अपमान कोणता?

येथे मला माझ्या आजोबांची साक्ष काढावयाची आहे. ते रेल्वेत होते, लाल बावट्याच्या युनियनमध्ये होते, आणि मे १९७४ च्या रेल्वे संपात निलंबित होऊन त्यांनी घरी उपासही काढविले. सावरकरांच्या राजकारणाशी त्यांचे उभे वैर. आणि रोज सकाळी दाढी करताना, साबणाच्या फेसातून, ते जे पद म्हणत ते हेच ‘संन्यस्त खड्गा’तले. ते सुरेल म्हणत असे मी म्हणणार नाही; तान आली की वस्तरा थांबत असे, एवढे मात्र सांगतो. युनियनमधल्या एका स्नेह्यांनी त्यांना एकदा विचारले, “हे कोणाचं पद म्हणता आहात, ठाऊक आहे ना?” आजोबा म्हणाले, “ठाऊक आहे. सबंध नाटक ठाऊक आहे. त्यातलं एक मत मला पटत नाही. पण पद आवडलं म्हणून सभासदत्वाच्या अर्जावर सही करावी लागते काय?”

या उत्तरात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली : त्यांना ‘सबंध नाटक ठाऊक’ होते. शब्दांकडे कानाडोळा करून त्यांनी सुराशी संधान बांधले नव्हते. दुसरी : दाद देणे आणि मत देणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे ते जाणून होते. दाद ही साक्ष असते. चांगले घडलेले आपण पाहिले, ते चांगले घडले आहे, एवढेच ती सांगते. पटले नाही ते पटले म्हणणे जसे खोटे, तसेच आवडले ते आवडले नाही म्हणणेही खोटेच. सावरकरांचे पद मनात आवडत असता ओठांवर येऊ न देणारा पुरोगामी, आणि अण्णा भाऊंच्या छक्कडीवर पाय ठेका धरू लागताच तो आवरून घेणारा हिंदुत्ववादी, हे दोघेही आपापल्या पक्षाशी एकनिष्ठ राहिले असतील. स्वतःच्या कानाशी मात्र ते बेइमान झाले. आणि जो स्वतःच्या कानाशी बेइमान होतो त्याच्या राजकीय प्रामाणिकपणावर मी का विश्वास ठेवावा?

शिवाय प्रतिपक्षाचे गाणे ऐकण्यात राजकीय तोटा आहे ही समजूतच उलटी आहे. स्टालिनच्या राजवटीत काय घडले ते आज जगाला ठाऊक आहे. तिची भलामण मी करणार नाही. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणगावातला कामगार हजारो मैलांवरच्या एका रशियन शहराचा पोवाडा ऐकताना का उभा राहत असे, हे ज्याला कळत नाही त्याला साम्यवादाचे खंडन करता येईल, त्याच्याशी सामना देता येणार नाही. १९४४ साली अण्णा भाऊ, अमरशेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले तेव्हा त्यांच्यापाशी ना वृत्तपत्र होते ना पैसा. डफ-तुणतुणे आणि गळे होते. एवढ्या भांडवलावर त्यांनी जे केले ते कसे केले, हे त्यांची गाणी ऐकूनच समजते. तीच गोष्ट उलट बाजूची. ‘सागरास’ ऐकून ज्याच्या अंगावर काटा आला नाही त्याने सावरकरांवर टीका जरूर करावी. मात्र लक्षावधी साधी माणसे त्या नावाभोवती का जमतात याचे उत्तर त्याला सापडणार नाही, आणि मग तो त्या माणसांनाच मूर्ख ठरवून मोकळा होईल.

आता दोन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला पैशाचा. गायक हयात असेल, आणि आपल्या तिकिटाचा पैसा आपल्याला घातक वाटणाऱ्या प्रचाराकडे जात असेल, तर? तर तिकीट काढू नये. खिसा ज्याचा त्याचा आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. फक्त सावरकर १९६६ साली आणि अण्णा भाऊ १९६९ साली निवर्तले, तेव्हा आमच्या फुकट बैठकीला तो लागू नव्हता, इतके नोंदवितो.

दुसरा आक्षेप जखमेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. जर्मन संगीतकार वाग्नरने १८५० साली संगीतातील ज्यूंविरुद्ध विखारी निबंध लिहिला. पुढे हिटलरने त्याचे संगीत डोक्यावर घेतले. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाल्यावर पॅलेस्टाइनमधील ज्यूंच्या वाद्यवृंदाने वाग्नर वाजविणे सोडले, आणि इस्रायल स्थापन झाल्यावरही ते व्रत चालू राहिले. १९८१ साली आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी कार्यक्रमाच्या शेवटी वाग्नर वाजविण्याचा यत्न केला, तेव्हा श्रोत्यांतून तीव्र निषेध झाला. २००१ साली जेरुसलेममध्ये डॅनिएल बॅरेनबॉइम यांनी वेगळी रीत अवलंबिली. ठरलेला कार्यक्रम संपल्यावर त्यांनी श्रोत्यांना विचारले : वाग्नर ऐकावयाचा आहे काय? ज्यांना नको त्यांनी खुशाल जावे. बराच वेळ वाद झाला, काही जण रागाने निघून गेले, उरलेल्यांनी ऐकले. या प्रसंगात गेलेल्यांपुढे मी नतमस्तक आहे. ज्याच्या आप्तांना त्या सुरांच्या सावलीत मारले त्याला ‘कला आणि राजकारण वेगळे’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण हा अधिकार जखम झालेल्याचा आहे. ज्याला कधी ओरखडाही उठला नाही त्याने उसनी जखम बांधून सभेत कण्हावे, हे मला मान्य नाही. आणि जेरुसलेमात जखमी माणसेसुद्धा उठून गेली. राहणाऱ्यांना त्यांनी बाहेर ओढले नाही.

म्हणजे प्रश्न ऐकावे की न ऐकावे एवढाच नाही. ठरवावयाचे कोणी, हा खरा प्रश्न आहे. मी माझ्यापुरते ठरविणे हा विवेक; इतरांसाठी ठरविणे ही बंदी. २०२४ च्या मार्चमध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने टी. एम. कृष्णा यांना संगीत कलानिधी सन्मान जाहीर केला, तेव्हा त्यांनी केलेला पेरियारांचा गौरव अमान्य असल्याने रंजनी आणि गायत्री या गायिका भगिनींनी त्या वर्षीच्या संमेलनातून अंग काढून घेतले. त्यांनी स्वतःपुरता निर्णय केला, स्वतःच्या नावाने केला. तो त्यांचा हक्क होता. आपल्याला मात्र त्या भगिनी परिचित आहेत त्या त्यांच्या मराठी अभंगांमुळे. आता आमच्या मंडळाचा न्याय लावला तर अर्ध्या सभासदांसाठी कृष्णांचे गाणे बंद करावे लागेल, उरलेल्या अर्ध्यांसाठी या भगिनींचे अभंग. आणि मग त्या मधल्या शांततेत तुकोबांनी काय अपराध केला होता, हे कोणाला तरी विचारावे लागेल.

हाच निर्णय सरकारने केला म्हणजे काय होते ते आपण मध्य प्रदेशात राहणाऱ्यांनी तरी विसरू नये. आणीबाणीत वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी चित्रपटसृष्टीने सहकार्य करावे असे माहिती व नभोवाणी मंत्रालयाला वाटले. आपल्या खांडव्यात जन्मलेल्या किशोरकुमारांनी नकार दिला. मंत्री होते विद्याचरण शुक्ल, त्या वेळच्या याच प्रांतातील रायपूरचे. मे १९७६ मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शन यांवरून किशोरकुमारांची गाणी बंद झाली. पुढे शाह आयोगापुढे हे प्रकरण आले तेव्हा सर्वांनी मंत्र्यांकडे बोट दाखविले, आणि ते योग्यच होते. पण वाचकहो, तुम्ही आणि मी कचेरीत काम करतो. एक हुकूम अमलात येण्यासाठी किती माणसे लागतात हे आपल्याला ठाऊक आहे. कोणीतरी टिपण तयार करतो, कोणीतरी टंकलिखित करतो, कोणीतरी आद्याक्षरी करतो, कोणीतरी केंद्रांना कळवितो. आणि त्या सर्वांची वाक्ये कर्त्यावाचून असतात. मी मंडळाच्या वहीत लिहिलेले वाक्य आणि तसले टिपण यांत अंतर पुष्कळ आहे. पण ते अंतर आकाराचे आहे, जातीचे नाही. आणीबाणीत निदान भीती होती. मला कशाची भीती होती? चहा गार होईल याची.

काही स्नेही म्हणतील, आपण सरकारी नोकर. या भानगडी आपल्याला कशाला? मी नियम पाहिला आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४, यांतील नियम ५ आम्हांला राजकीय पक्षाचे सभासद होऊ देत नाही, प्रचार करू देत नाही. माझ्या कानावर त्यात एकही बंधन नाही. किंबहुना, ज्याने कोणत्याच पक्षाचे असू नये अशी राज्याची अपेक्षा आहे त्याला सर्व पक्षांची गाणी ऐकण्याची मुभा इतरांहून अधिक असावयास पाहिजे. याच जबलपुरात राहिलेल्या सुभद्राकुमारी चौहान काँग्रेसच्या आमदार होत्या, १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेल्या होत्या. त्यांची झाशीच्या राणीवरील कविता आपली मुले शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हणतात तेव्हा टाळी वाजविण्यापूर्वी आपल्यापैकी कोणी त्यांचे सभासदपत्र तपासले आहे काय?

शेवटी, आम्ही वगळले ते काय होते, याकडे वळतो. सभेत ही गोष्ट कोणाच्याही ध्यानी आली नाही. मलाही ती रात्री घरी आल्यावर सुचली. ‘सागरास’ १९०९ साली ब्रायटनच्या समुद्रकिनारी सुचली. मायभूमीला परतण्याची वाट बंद झालेला एक तरुण समुद्राशी भांडतो आहे, एवढाच तिचा विषय. ‘माझी मैना’ मधला गडी पोटासाठी मुंबईला आला आहे आणि बायको गावी राहिली आहे. पुढे हाच विरह बेळगाव-कारवारपासून तुटलेल्या महाराष्ट्राचा होतो. एक कवी हिंदुत्ववादी, दुसरा साम्यवादी. एक लंडनला बॅरिस्टरी शिकण्यास गेलेला, दुसरा वाटेगावाहून आलेला, शाळेचे तोंडही धड न पाहिलेला. या दोघांचे राजकारण एका खोलीत नांदले नसते. आणि दोघांची ही दोन्ही गाणी घरापासून दूर पडलेल्या माणसाची आहेत.

ती ऐकावयास बसलो असतो ते कोण? बदलीच्या हुकमावर आलेले आम्ही. ज्यांचे आईवडील साताऱ्याला आणि मुले हिंदी शाळेत. ज्यांच्या घरी गावाहून आलेला लाडवांचा डबा रिकामा झाला तरी कोणी घासावयास टाकीत नाही, असे आम्ही. बारा गाण्यांत आमच्या जिवाची गाणी दोनच होती. आमच्या दोन पक्षांनी मिळून, एकमताने, नेमकी तीच काढली आणि पाऊस व चंद्र ठेवले. कार्यक्रम छान झाला. कोणी उठून गेले नाही. कोणाच्या डोळ्यांत पाणीही आले नाही.

यंदाच्या बैठकीपुढे मी लेखी सूचना दिली आहे. ती येथे उतरवितो, म्हणजे तुमच्याही गावच्या मंडळांना उपयोगी पडेल : ‘मी असे सुचवितो की, गेल्या वर्षी वगळलेली दोन्ही गीते या वर्षी लागोपाठ घ्यावीत. कवींचे राजकारण निवेदनात झाकू नये. ज्याचे जे होते ते स्पष्ट सांगावे. ज्या सभासदांना एखादे गीत ऐकावयाचे नसेल त्यांनी तेवढा वेळ बाहेर बसावे. त्यांचा चहा राखून ठेवण्याची जबाबदारी मी घेतो.’ सूचनेखाली माझी सही आहे. वाक्यांना कर्ता आहे. संमत झाली नाही, तर मतभेदाची टीप म्हणून ती कार्यवृत्ताला जोडावी अशी विनंतीही मी केली आहे, आणि वही अजून माझ्याकडेच असल्यामुळे ती जोडली जाईल.